रूळ पुसले की दोन दिवस बरं, मग गाडी पुन्हा त्याच जागी मंदावते

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली छोटी रेल्वे, लहान असतो तोवर ही तक्रार येत नाही. एक लंबगोल, एखादा पॉइंट (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा), कंट्रोलरकडून आलेल्या दोन तारा रुळाला जोडल्या की गाडी बिनबोभाट फिरत राहते. मग शेजारी आणखी एक फळी जोडली जाते, तिच्यावर एक शाखा, टोकाला छोटं स्टेशन. आणि या नव्या भागात शिरली की गाडीचा दम निघतो. डब्यांतले दिवे फिके पडतात, चढाला लागल्यासारखं इंजिन कण्हायला लागतं, शेवटच्या हातभर अंतरात कधी कधी थांबतंच. कंट्रोलरची मूठ पुढे नेली की सुटतं, पण परत येताना जुन्या लंबगोलावर इतकं जोरात धावतं की वळणावर डबे रुळावरून उतरतात.

रूळ पुसले की बरं वाटतं. दोन दिवस. मग पुन्हा तीच जागा, तेच मंदावणं.

हे दुखणं मी चार महिने अंगावर काढलं. दर दोन-तीन दिवसांनी कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसायचं, चाकं पुसायची, इंजिन उलटं करून तेल द्यायचं. मळ निघायचा, कापड काळं व्हायचं, म्हणून मळ हेच कारण अशी खात्री पटत गेली. खरं कारण रुळांच्या जोडांत होतं. ते सापडायला एक बल्ब, एक मल्टीमीटर आणि अर्धा तास एवढंच लागलं. तुमचीही गाडी ठरावीक जागीच मंदावत असेल, तर पुढचं वाचेपर्यंत कापड बाजूला ठेवा.

आधी लक्षण नीट बघा

तीन-चार वेगवेगळे दोष वरून सारखेच दिसतात. ते वेगळे करायला उपकरण लागत नाही, फक्त नीट बघावं लागतं.

गाडी त्याच जागेवरून दोन्ही दिशांनी चालवा. एका दिशेला मंद आणि उलट दिशेला वेगात जात असेल, तर तो चढ-उताराचा प्रश्न आहे. नवी फळी जुन्या फळीपेक्षा जरा खाली-वर बसली असेल. पाणसळ ठेवून बघा. मीटरभर अंतरात एक सेंटिमीटर चढ म्हणजे एक टक्का, आणि दोन टक्क्यांपुढे लांब गाडीला फरक जाणवतोच. दोन्ही दिशांना सारखीच मंद असेल, तर विजेकडे वळा.

आता गाडी थांबली की तिला बोटाने किंचित ढकला. ढकलताच ती पूर्ण वेगाने निघाली, तर संपर्क तुटतो आहे. तो मळाचा ठिपका असेल, पॉइंटमधला प्लॅस्टिकचा फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) असेल किंवा इंजिनच्या चाकाला वीज घेणारी पितळी पट्टी वाकलेली असेल. ढकलूनही ती तशीच मरगळलेली चालत असेल, तर वीज पोचते आहे पण अपुरी पोचते आहे. हा फरक फार महत्त्वाचा. मी चार महिने दुसऱ्या दोषाला पहिल्याचं औषध देत होते.

दुसरं इंजिनही चालवून बघा. एकच इंजिन कुरकुरत असेल तर दोष त्याचा, सगळी त्याच जागी कुरकुरत असतील तर दोष जागेचा.

आणि गाडी त्या भागात शिरताक्षणी सगळं बंद पडत असेल, कंट्रोलरचा लाल दिवा लागत असेल, तर ते शॉर्ट आहे. वाढवताना रूळ फिरून स्वतःलाच उलट दिशेने येऊन मिळाला की असं होतं. त्याबद्दल पुढे तारा जोडण्याच्या ओघात लिहिते.

मल्टीमीटर खरं सांगतो, पण पुरतं सांगत नाही

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसले. मल्टीमीटर घेतला, कंट्रोलरची मूठ पूर्ण पुढे नेली, त्याच्या टोकांवर मोजलं: १२.१ व्होल्ट. शाखेच्या टोकाच्या स्टेशनात मोजलं: १२.० व्होल्ट. म्हणजे वीज व्यवस्थित पोचते आहे, असं समजून मी पुन्हा कापड उचललं.

चूक अशी होती की मोजताना रुळावर गाडीच नव्हती. मल्टीमीटर स्वतः नगण्य करंट घेतो. करंट वाहत नसेल तर वाटेत कितीही अडथळे असोत, व्होल्टेज पडत नाही. गेओर्ग ओहमने १८२७ साली मांडलेला नियम नेमका हेच सांगतो: वाटेत पडणारं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. करंट शून्य, तर पडझडही शून्य. नळ बंद असताना पाइपातला दाब सगळीकडे सारखाच असतो. पाइप कुठे चोंदलाय ते नळ सोडल्यावरच कळतं.

तेव्हा नळ सोडायला हवा. त्यासाठी १२ व्होल्टचा मोटारगाडीचा साधा तारेचा बल्ब आणा, १० वॅटचा. तो सुमारे ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे दिवे लावलेली डब्यांची गाडी ओढणाऱ्या इंजिनाइतका किंवा थोडा जास्त. एलईडी चालणार नाही. बल्बला दोन तारा आणि त्यांच्या टोकांना चिमटे लावा. बल्ब काही मिनिटांत चांगलाच तापतो. तो प्लॅस्टिकच्या झाडांवर, थर्माकोलच्या डोंगरावर टेकवू नका.

सगळी इंजिनं रुळावरून उचला. बल्बचे चिमटे दोन रुळांना लावा, बल्ब पेटलेला असतानाच मल्टीमीटरने त्याच जागी व्होल्टेज मोजा, आणि हे आकडे वहीत लिहा. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: कंट्रोलरच्या तारा जिथे रुळाला मिळतात तिथे ११.८. लंबगोलाच्या समोरच्या बाजूला ११.०. शाखेच्या टोकाला ८.२. पहिल्या जागी बल्ब पांढराशुभ्र होता, शेवटच्या जागी पिवळट. मल्टीमीटर नसला तरी नुसता तो रंग बघून कळलं असतं.

कंट्रोलरच्या टोकांवरच बल्ब लावल्यावर व्होल्टेज बरंच खाली येत असेल, तर रुळांकडे जायच्या आधी कंट्रोलर बघा. एका गाडीसाठी घेतलेला पॉवर पॅक तीन गाड्यांना पुरत नाही. त्याचं खोकं मात्र उघडू नका, आत घरची वीज असते. मोठ्या क्षमतेचा घ्या.

जोडावरचं बोट

आता ३.६ व्होल्ट कुठे गेले ते शोधायचं. बल्ब टोकाला तसाच पेटता ठेवला. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर घेतला आणि एकच रूळ धरून प्रत्येक जोडाच्या अलीकडे एक टोक, पलीकडे दुसरं टोक असं मोजत गेले. शाखा चार मीटरची, तुकडे साधारण २३ सेंटिमीटरचे, म्हणजे एका रुळावर सतरा जोड, दोन्ही मिळून चौतीस. बहुतेक जोडांवर ३० ते ५० मिलिव्होल्ट पडत होते. एकेकट्याने बघितलं तर काहीच नाही. पण चौतीस जोडांचे मिळून जवळपास दीड व्होल्ट झाले.

पंचविसावा की सव्विसावा जोड असेल, तिथे मीटर ७०० दाखवू लागला. मला वाटलं टोक नीट टेकलं नाही. पुन्हा टेकवलं, पुन्हा ७००. मग सहज दुसऱ्या हाताचं बोट त्या जोडावर दाबलं, आणि मीटरभर अंतरावरचा बल्ब उजळला. आकडा ६० वर आला. बोट उचललं, बल्ब हळूच पिवळा पडला. तीन-चार वेळा केलं. दाबलं की उजेड, सोडलं की पिवळट.

तेव्हा चार महिन्यांचा उलगडा झाला. रूळ पुसल्याने बरं वाटायचं ते कापडामुळे कमी आणि कापडामागच्या हाताच्या दाबामुळे जास्त. पुसताना प्रत्येक जोड दाबला जायचा, जॉइनर, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी पत्र्याची पट्टी, थोडा हलून रुळाला घट्ट बसायचा. दोन दिवस गाड्या धावून हादरे बसले की पुन्हा सैल. वर मळ निघायचा तोही थोडा उपयोगी पडायचाच, कारण १२ व्होल्टला जो मळ गाडी सहज ओलांडते तोच ८ व्होल्टला आडवा येतो.

त्या जोडाचा जॉइनर काढला. आत पांढरट, काचेसारखा पापुद्रा होता. खडी चिकटवताना पाणी घातलेला पांढरा गोंद मी ड्रॉपरने सोडला होता, तो जॉइनरच्या आत शिरून सुकला होता. रुळांना गंजाचा रंग दिला असेल, तर रंगही असाच आत शिरतो. वाढवलेल्या भागावर खडी आणि रंग ताजे असतात, म्हणून तिथलेच जोड आधी दगा देतात.

जॉइनर हा रुळांना एका रेषेत धरायला असतो. नवा असताना तो वीजही नेतो, म्हणून आपण ते काम त्याच्यावर सोपवून मोकळे होतो. पण तो नुसता दुमडलेला पत्रा आहे. तापमान बदललं की रूळ त्याच्या आत पुढे-मागे सरकतो, दमट हवेत धातूवर पुट चढतं, आणि पत्र्याची पकड एकदा ढिली झाली की आपोआप परत येत नाही.

उरलेली पडझड खुद्द रुळांतली. आपण ज्याला निकेल-सिल्व्हर म्हणतो त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. त्याचा रोध तांब्याच्या बारा ते सतरा पट असतो. रूळ जाडजूड दिसतो म्हणून तो चांगली तार आहे असं वाटतं, पण लांब अंतरावर वीज नेण्याचं काम त्याचं नव्हेच.

डीसीसी वापरणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं

डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल. अशा लेआउटवर रुळात कायम १४ व्होल्टच्या आसपास वीज असते आणि वेग इंजिनातला डीकोडर ठरवतो. त्यामुळे वेग थोडा कमी झालेला चटकन लक्षात येत नाही. लक्षण वेगळंच दिसतं: आवाज मध्येच तुटून पुन्हा सुरू होतो, इंजिन आज्ञा ऐकत नाही, दिवे लुकलुकतात. मग डीकोडर बिघडला म्हणून तो बदलला जातो, आणि नवाही तसंच करतो.

यात खरा धोका आहे. समजा रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ५ अँपिअरचा आहे आणि टोकापर्यंतच्या वाटेत ५ ओहम रोध साचला आहे. टोकाला डबा घसरून शॉर्ट झाला, तर वाहील फक्त १४ भागिले ५, म्हणजे २.८ अँपिअर. बूस्टरच्या दृष्टीने हा शॉर्ट नाहीच, कुणी दोन-तीन इंजिनं चालवतंय असं तो समजतो आणि वीज पुरवत राहतो. तिकडे जवळजवळ ४० वॅट उष्णता जॉइनर, चाकं आणि रुळांत मुरते. साधं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटचं असतं. डब्याखालची चाकं धरणारी प्लॅस्टिकची चौकट वितळायला एवढं पुरतं.

म्हणून डीसीसीवर नाण्याची चाचणी कराच. सगळी इंजिनं उचला, वीज चालू करा, आणि धातूचं नाणं दोन रुळांवर आडवं ठेवा. बूस्टरने तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. मीटरभर पुढे सरका, पुन्हा ठेवा. प्रत्येक पॉइंटच्या पलीकडे, प्रत्येक साइडिंगच्या, म्हणजे गाडी उभी करायच्या बाजूच्या रुळाच्या, शेवटी. जिथे बूस्टर वीज तोडत नाही तिथे नाणं लगेच उचला आणि खडूने खूण करा. तो भाग दुरुस्त होईपर्यंत त्यावर गाडी नेऊ नका.

एक सूचना: साधे मल्टीमीटर ५०-६० हर्ट्झच्या एसीसाठी बनवलेले असतात, त्यामुळे डीसीसीचं व्होल्टेज ते अचूक दाखवत नाहीत. पण एकाच मीटरने दोन जागांची तुलना करायला हरकत नाही. आपल्याला फरकच हवा आहे.

उपाय: वीज तारेने न्या

फळीच्या खालून, रुळाच्या वाटेने, दोन जाड तारा टोकापर्यंत न्यायच्या. या जोडीला बस म्हणतात. आणि तिच्यापासून थोड्या-थोड्या अंतरावर बारीक तारा वर काढून रुळाला सोल्डर करायच्या, ते फीडर. वीज लांबचा पल्ला तांब्यातून गाठते, रुळातून फक्त शेवटचे काही सेंटिमीटर जाते.

तारेची जाडी अंदाजाने घेऊ नका, हिशेब सोपा आहे. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०३७ ओहम. सहा मीटरवरच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन बारा मीटर, म्हणजे ०.४४ ओहम. दोन अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच गेले. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर मीटरला सुमारे ०.००७४ ओहम, आणि पडझड ०.२ व्होल्टच्या आत. घरगुती लेआउटला बससाठी १.५ ते २.५ पुरते. फीडर मात्र ०.५चे चालतात, कारण त्यांची लांबी वीतभर असते. फीडर लांब ठेवून बसवर बचत करू नका. तार फळीखाली लोंबते आणि फायदा अर्धा होतो.

फीडर किती द्यायचे? माझा नियम एकच: रुळाचा कुठलाही तुकडा सैल जोडाच्या भरवशावर राहता कामा नये. मी चार-चार तुकडे एकमेकांना सोल्डर करून त्यांचा साधारण ९० सेंटिमीटरचा गट केला आणि प्रत्येक गटाला दोन फीडर दिले, एका रुळाला एक. गटागटांमधला जोड सोल्डर केला नाही. तिथे जॉइनर फक्त रूळ सरळ धरतो आणि मध्ये कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी फट ठेवली आहे. सगळं सलग सोल्डर केलं की मजबूत होईल असं वाटतं, पण मग उन्हाळ्यात रूळ बाकदार होतो. धातू २० अंशांच्या फरकाला मीटरमागे तीनेक दशांश मिलिमीटर वाढतो, आणि फळीचं लाकूड हवेतल्या ओलाव्याने स्वतंत्रपणे हलतं ते वेगळंच. वाढायला जागा हवी.

सोल्डर करताना स्लीपर वितळू नयेत

याचीच भीती सगळ्यांना असते, आणि ती रास्त आहे. पण स्लीपर (रुळाखालच्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या) वितळतात ते आयर्न फार गरम असल्याने नव्हे, तर थंड आयर्न फार वेळ टेकवून ठेवल्याने. २५ वॅटच्या आयर्नने रूळ तापायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि तेवढ्यात उष्णता दोन्हीकडे पसरते. ५०-६० वॅटचं, पसरट टोकाचं आयर्न दोन-तीन सेकंदांत काम करून मोकळं होतं.

आधी वीज बंद करा आणि इंजिनं रुळावरून उचला. रुळाच्या बाहेरच्या अंगाला, स्लीपरांच्या मधल्या जागेत, बारीक कानशीने नखाएवढी जागा चकचकीत करा. आतल्या अंगाला कधीही नाही, तिथून चाकाची कड जाते. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे किंवा धातूचे चिमटे ठेवा, ते उष्णता शोषतात. राळेचा फ्लक्स असलेलं सोल्डर वापरा, आम्लाचं नको. आम्ल पुढे तार खातं. रुळावर सोल्डरचा पातळ थर द्या. तारेचं टोक सोलून, इंग्रजी एल अक्षरासारखं वाकवून त्यालाही वेगळा थर द्या. मग तार रुळाला टेकवून वरून आयर्न लावा; दोन्ही थर एकमेकांत वितळलेले दिसतात, चमक क्षणभर पाण्यासारखी होते. आयर्न उचला आणि तार चार-पाच सेकंद अजिबात हलू देऊ नका. हलली तर जोड करडा, खरखरीत दिसतो आणि पुढे तुटतो. तो पुन्हा करा. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकाखाली येतो.

रंग चुकला तर सगळं अडतं

बससाठी दोन वेगळ्या रंगांच्या तारा हव्यातच. आणि रंग ठरवताना पुढचा रूळ, मागचा रूळ असं म्हणू नका. लंबगोलाच्या समोरच्या बाजूला गेल्यावर पुढचा मागचा होतो. आतला रूळ लाल, बाहेरचा काळा, असं ठरवा. शाखांच्या गुंतवळ्यात तेही डोक्यात राहत नाही, म्हणून एका डब्याच्या एका कुशीला लाल पट्टी चिकटवा आणि तो डबा हाताने ढकलत सगळ्या मार्गांवरून न्या. लाल पट्टीखालचा रूळ तो लाल तारेचा. जिथे जिथे फीडर द्यायचा तिथे डबा नेऊन खूण करायची.

याच डब्याने वर राहिलेला प्रश्न सुटतो. डबा न उचलता फिरवत असताना तो एखाद्या जागी परत आला आणि लाल पट्टी आता दुसऱ्या रुळावर असेल, तर तुमच्या वाढीव भागात उलटं वळण तयार झालं आहे. दोन रुळांच्या लेआउटवर तिथे शॉर्ट होणारच. त्या वळणाचा एक भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर घालून वेगळा काढावा लागतो; गाडी पूर्ण आत मावेल एवढा लांब. डीसीवर, म्हणजे साध्या कंट्रोलरवर, त्याची वीज उलटवायला स्विच लागतो, डीसीसीवर हे काम आपोआप करणारं मॉड्यूल मिळतं. मर्क्लिन या जर्मन कंपनीच्या पद्धतीत रुळांच्या मधल्या खुंट्यांतून वीज येते आणि दोन्ही रूळ एकाच तारेला जोडलेले असतात, म्हणून तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

फीडर एकेक करून जोडा आणि प्रत्येक जोडणीनंतर मल्टीमीटरचा बीप लावून दोन रुळांत शॉर्ट नाही ना ते बघा. वीस फीडर एकदम जोडून मग शॉर्ट शोधायला बसलात तर अख्खी सुट्टी त्यात जाईल. माझा नववा फीडर उलटा लागला होता. आठवा ठीक होता हे माहीत असल्याने तो मिनिटात सापडला.

पॉइंट हे वेगळं प्रकरण

बस आणि फीडर झाल्यावरही माझ्या स्टेशनातल्या दोन साइडिंगांवर गाडी अडखळत होती. तिथल्या वीजेची वाट पॉइंटच्या सरकणाऱ्या जिभेतून जात होती. जीभ बाजूच्या रुळाला नुसती टेकते, तेवढ्या टेकण्यावर पुढची सगळी वीज अवलंबून. त्या फटीत खडीचा एक दाणा, गोंदाचा एक थेंब, की संपलं.

पॉइंटच्या पलीकडच्या रुळांना स्वतंत्र फीडर दिला की हे थांबतं. पण एक खबरदारी घ्या. फ्रॉग धातूचा आणि वीज असलेला असेल, तर पॉइंट कुठल्या बाजूला आहे त्याप्रमाणे फ्रॉगला लाल तारेची वीज मिळते की काळ्या, ते बदलतं. फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन आतल्या रुळांवर आधी प्लॅस्टिकचे जॉइनर घाला आणि मगच त्यांच्या पुढे फीडर द्या. नाहीतर पॉइंट बदलताक्षणी शॉर्ट होईल. फ्रॉगला वीज द्यायची तर पॉइंट हलवणाऱ्या दांड्याला एक छोटा मायक्रोस्विच जोडा. फ्रॉग प्लॅस्टिकचा असेल तर शॉर्टची चिंता नाही, पण चार चाकांचं लहान इंजिन हळू चालताना त्यावर थांबतं. त्यावर तारांचा उपाय नाही. सगळ्या चाकांतून वीज घेणारं इंजिन हवं.

डीकोडरला कपॅसिटर लावून क्षणभराची वीज साठवता येते, आणि फ्रॉग ओलांडायला ते छान आहे. मात्र जोडांची दुरुस्ती टाळायला म्हणून ते लावू नका. सैल जोड त्याने झाकला जातो, आणि वर सांगितलेला शॉर्टचा धोका तसाच राहतो.

मळ उरतोच, पण तो पुसायची रीत वेगळी

आता माझे रूळ महिन्यातून एकदा पुसले जातात. काचकागद लावायचा नाही, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत मळ घर करतो. कापड घट्ट पण हलक्या हाताने फिरवायचं. चाकं पुसायला विसरू नका. रूळ स्वच्छ करून मळकट चाकं त्यावर सोडली की दोन फेऱ्यांत मळ परत येतो. डब्यांची प्लॅस्टिकची चाकं बदलून धातूची घातल्यावर माझ्याकडे काळं पुट येणं बरंच कमी झालं.

पुढची फळी जोडताना

आता नवी फळी जोडताना मी रुळाआधी बस टाकते. दोन फळ्यांच्या मध्ये बस जोडायला जाड पिनांचा प्लग, म्हणजे फळी पुढे हलवायची वेळ आली तर तारा कापाव्या लागत नाहीत. मग रूळ मांडायचे, गट सोल्डर करायचे, फीडर खाली सोडायचे. खडीचा डबा तेव्हा उघडायचा नाही. आठ-दहा दिवस त्यावर गाड्या चालवायच्या, जोड हादऱ्यांनी बसू द्यायचे, आणि पुन्हा बल्ब लावून प्रत्येक गटावर मोजायचं. माझ्या त्या चार मीटरच्या शाखेच्या टोकाला आता बल्ब पेटलेला असताना ११.७ व्होल्ट येतात. कंट्रोलरच्या जागी ११.८ आहेत. नव्या फळीवर ११.५च्या खाली एखादा आकडा आला, तर तो फीडर पुन्हा सोल्डर करायचा. सगळे आकडे वहीत उतरले की जॉइनरांवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावायचे, मग खडी टाकून गोंद सोडायचा, आणि तो ओला असतानाच पट्ट्या काढून घ्यायच्या.